साडूपेक्षा लाल

१८ मे, सोमवार

धोंड्याचा महिना कालपासून लागला आणि आज सकाळीच धर्मापुरीहून सासऱ्यांचा फोन आला. त्यांना मी मामा म्हणतो. गावचे माजी सरपंच, जमीनजुमला भरपूर, आवाज त्याहून मोठा. "दोघं जावई एकाच दिवशी या. एकतीस तारखेला. धोंडं एकदाच जेवू घालू." फोन योगिताने घेतला होता. ठेवता ठेवता ती मला म्हणाली, "तानाजीराव नवी गाडी घिऊन येणारेत."

मी चाळणी झाडत होतो. झाडतच राहिलो.

तानाजी माझा साडू, योगिताच्या धाकट्या बहिणीचा, सायलीचा नवरा. अंबाजोगाईत राहतो, रस्त्याची कामं घेतो, पुढाऱ्यांच्या मागेपुढे असतो. तो जिथे जाईल तिथे लोक त्याला खुर्ची देतात. मी घाटनांदुरात पिठाची गिरणी चालवतो. मला लोक दळणाचा डबा देतात.

हे सगळं ठीक आहे. खरी गोष्ट वेगळी आहे. तानाजी आधी योगितालाच बघायला आला होता. ते जमलं नाही. मग माझं स्थळ आलं आणि लग्न झालं, आणि पुढे तानाजीला सायली दिली. नकार कोणी दिला हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याने दिला असेल तर त्याला नको होती म्हणून ती मला मिळाली. त्याने दिला नसेल, मध्येच कुठेतरी मोडलं असेल, तर तिला अजून तो हवासा वाटत असेल. कसंही धरलं तरी माझ्या वाट्याला काय येतं ते दिसतंच आहे. तिच्यावर माझा किती जीव आहे हे तिला सांगायची वेळ कधी आली नाही. असल्या गोष्टी मी वहीत लिहितो, बोलत नाही.

२० मे, बुधवार

तानाजी गाडी दाखवायला आला. पेढे आणले होते. गाडी काळी, उंच, दार लावलं तरी आवाज श्रीमंत. तेवढं मी सोसलं असतं. पण जाताना त्याने गाडी वळवली आणि मागचे दिवे दिसले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग लाल पट्टी. योगिता ओट्यावर उभी होती. म्हणाली, "आगं बाई, किती झ्याक दिसतंय! पार स्टेशनपातूर दिसंल."

मी काही आणलं तर ती "बरं हाय" म्हणते. झ्याक हा शब्द मी तिच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला.

तो गेल्यावर मी अंगणात आमची गाडी बघितली. पांढरी, जुनी, एका मास्तरांकडून घेतलेली. दिवे लावून मागे जाऊन उभा राहिलो. तेल संपत आलेल्या समईसारखे दोन दिवे, त्यातला डावा तर असून नसल्यासारखा. मोबाईलवर बघितलं. जुन्या बल्बच्या जागी एलईडी बसवता येतात, घरच्या घरी. पाना आणि पेचकस असला की झालं. गिरणीची मोटार मी स्वतः उघडतो. तीन फेजचा करंट हाताळणाऱ्याला बारा व्होल्टचं काय भ्या?

जेवताना योगिताला सांगितलं. ती म्हणाली, "कशाला? हायत की दिवे चांगले." म्हणजे मला ते जमणार नाही असं तिला वाटतं.

२४ मे, रविवार

बल्ब आले. गिरणी दुपारीच बंद केली.

डिकी उघडून दोन नट काढले की दिव्याचा अख्खा डबा हातात येतो. मागचा होल्डर पिळला की सुटतो. जुना बल्ब काढला, नवा घातला, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा मोबाईल. एलईडीला सुलटं-उलटं असतं म्हणे, काढून फिरवून घालायचा. घातला आणि लागला.

पुढे गोची अशी की ब्रेकचा दिवा तपासायचा तर पाय पेडलवर आणि डोळे गाडीमागे पाहिजेत. एकट्या माणसाला ते जमत नाही. योगिताला हाक मारली. ती पिठाच्या हातानेच आली आणि मागे उभी राहिली.

"लागला का?"

"लागला!"

"आता?"

"गेला!"

"आन आता?"

"लागला वो, लागला! डोळं दिपलं माझं!"

ती हसत होती. एकदा तर मी विचारायच्या आधीच "लागला" म्हणाली आणि स्वतःच खुदकन हसली. मी घामाने निथळत होतो, कोपरापर्यंत काळा झालो होतो. हसण्यासारखा दिसत असणार.

२६ मे, मंगळवार

नवा ताप. इंडिकेटर भराभर टिकटिकतो, पिसाळल्यासारखा. एलईडी करंट कमी खातो, त्यामुळे गाडीला वाटतं बल्बच गेला. त्यावर जास्तीचा करंट खाणारा रेझिस्टर जोडतात असं वाचलं. जोडला. तो एवढा तापला की शेजारच्या वायरचं प्लॅस्टिक वितळलं आणि माझं बोट भाजलं. योगिताने कोरफड चिरून बोटाला लावली, वर फुंकर घातली आणि म्हणाली, "तानाजीरावांना इचारू का? त्यांच्या ओळखीचं कोणी आसंल."

मी बोट काढून घेतलं. कोरफड खाली पडली.

अंबाजोगाईला जाऊन एलईडीला चालणारा रिले, म्हणजे टिकटिकीची डबी, आणला. तो बसवल्यावर टिकटिक ताळ्यावर आली. संध्याकाळी पुन्हा मी पुढे, ती मागे. शेजारची भिवराबाई दळणाचा डबा घेऊन आली ती बघतच राहिली. "आगं योगे, रोज दिवेलागणीला गाडीमागं काय करता गं दोघं?"

"आमचं चालू हाय!" योगिता म्हणाली आणि दोघी खिदळल्या.

मग ओट्यावर बसून तिने सायलीला फोन लावला. बराच वेळ बोलत होती. माझं नाव ऐकू आलं, दिव्यांचं आलं, कोरफडीचं आलं, आणि मध्ये मध्ये हसणं. म्हणजे माझी फजिती रोजच्या रोज तिकडे पोचते आहे. तानाजी पाय पसरून ऐकत असेल.

२९ मे, शुक्रवार

परवा धोंडं आणि दिव्यांत अजून दम नाही. ब्रेक दाबला की भगभगतात, सोडला की मंद. कारण होल्डरला दोन वायर येतात, एक साध्या उजेडाची आणि एक ब्रेकची. दुपारी दळण लावून बसलो असताना डोक्यात आलं, दोन्ही वायर एकत्रच बांधल्या तर? बांधल्या. वरून टेप गुंडाळली. दिवे लावले आणि अंगण लालेलाल! भिवराबाईची पांढरी शेळीसुद्धा लाल. दिवे बंद असताना नुसता ब्रेक दाबला तर पुढचे बारीक दिवेही लागतात. ती वरची कमाई.

योगिताला बोलावलं.

"आता ब्रेक दाबा," ती म्हणाली.

"दाबलाय."

"सोडा."

"सोडलाय."

ती वाकून दिव्याजवळ आली. मग म्हणाली, "मला काई फरक दिसंना. दाबला तरी तसंच, सोडला तरी तसंच."

"म्हणजे दोन्ही टायमाला झ्याक हाय ना?"

"झ्याक हाय. पर मागच्याला कळायचं कसं, तुमी थांबताय म्हणून?"

माझं डोकं फिरलं. इतके दिवस मरमर करून दिवे तानाजीपेक्षा लाल केले आणि हिने त्यात खोट काढली. मी म्हणालो, "तानाजीच्या गाडीला इचारलं होतंस का असं? तिथं तर लगीच झ्याक! तुला त्याचंच समदं चांगलं दिसतं. पहिल्यापासून!"

पहिल्यापासून हा शब्द कसा निघाला माहीत नाही. ती गाडीमागे उभीच राहिली. तोंडावर लाल उजेड होता, त्यामुळे तोंड नीट दिसत नव्हतं.

"लागला म्हणते. झालं?" म्हणाली आणि आत गेली. तव्यावर भाकरी होती, म्हणून घाईने गेली असेल.

१ जून, सोमवार

काल लिहिता आलं नाही. झालं तसं लिहितो.

धोंड्याला मान थोरल्या जावयाचा. आधी माझे पाय धुतले, आधी मला कुंकू लावलं, हे कबूल. मामींनी वाण दोघांना सारखंच दिलं, तांब्याच्या ताटात अनारसे आणि मध्ये दिवा. पण आग्रह कोणाला? "तानाजी, आजून एक धोंडं घ्या. तूप घ्या." माझ्या पानात पुरणाचे धोंडे न बोलता पडत होते. बोअरच्या परवानगीचं मामांनी तानाजीला विचारलं. पुतण्याच्या बदलीचं तानाजीला विचारलं. मला विचारलं, "गिरणी बरी हाय ना?" मी म्हणालो, बरी हाय.

निघायला मी मुद्दाम उशीर केला. उजेडात दिव्यांचं काय दिसणार? घाटनांदूरपर्यंत दोन्ही गाड्यांची वाट एकच. सायलीने योगिताचा हात धरला, "ताई, आमच्यात बस की. एसी हाय." योगिताने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बस की, मी कुठं नको म्हणलो?" ती जरा थांबली आणि गेली. मागे बसलं की तिला मळमळतं, म्हणून पुढे बसली, तानाजीच्या शेजारी. माझ्या शेजारी अनारशांचं ताट.

तानाजी गाडी पुढे काढत होता. मी हॉर्न देऊन माझी मध्ये घातली. बघू दे म्हटलं, सगळी वाट बघू दे. आणि सगळी वाट मी आरशात त्यांची गाडी बघत गेलो. तोंडं दिसत नव्हती. तिघं हसताहेत असं वाटत होतं.

वळणावर सटवा धनगराची मेंढरं रस्त्यावर आली होती. आरशातून नजर पुढे आणली तोवर अगदी जवळ होती. कचकन ब्रेक दाबला. मी थांबलो. मागून तानाजी थांबला नाही.

मला खरचटलंसुद्धा नाही. अनारसे समोरच्या काचेवर जाऊन फुटले. मागे पळालो तर योगिता एका हाताने दुसरा हात धरून बसली होती, तोंड पांढरंफटक. मनगट मोडलं होतं. सटवाने मेंढरं सोडून तिला पाणी पाजलं. माझ्या तोंडून "योगे, योगे" एवढंच निघत होतं.

दवाखान्यात मामा आले ते गरजतच. "मागं कोण होतं?"

तानाजी पुढे झाला. "मी होतो, मामा. माझंच ध्यान नव्हतं."

मामांनी त्याला सगळ्यांसमोर नको नको ते सुनावलं. एवढी गाडी उडवायची तर डोळे कशाला दिलेत, इथपासून. तो मान खाली घालून उभा होता. मी तोंड उघडलं नाही. योगिता खाटेवरून माझ्याकडे बघत होती. प्लास्टर ओलं होतं.

मामा तिला धर्मापुरीला घेऊन गेले. "हात बरा हुईस्तोवर हितं राहील." मला विचारलंही नाही.

३ जून, बुधवार

वहीत तरी खरं लिहावं. धडक बसली त्या क्षणीच मला कळलं होतं. ब्रेक दाबला तेव्हा माझ्या गाडीमागे काहीच बदललं नव्हतं. जसे लाल होते तसेच लाल. तानाजीने काय बघून थांबावं? दोन वायर एकत्र बांधणारा मी.

तरी मामा त्याला बोलत होते तेव्हा मला गोड लागलं. धोंड्यापेक्षा गोड. आणि आज मामांचा फोन आला, "भागवत, तू सांभाळून चालवतोस. त्याला जरा शिकीव." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी माझ्यासारखं व्हायला सांगितलं.

योगिताचा फोन नाही. मी केला तर मामींनी उचलला. "झोपलीय ती." भरदुपारी ती कधी झोपत नाही.

चहा मीच केला. साखर सापडली नाही, तसाच प्यालो. घर खायला उठतं म्हणतात ते आज कळलं.

५ जून, शुक्रवार

गिरणीवर तानाजी आला, कुणाच्या तरी मोटारसायकलवर. मी दळण टाकत होतो. मोटार थांबेपर्यंत तो उभा राहिला, मग पोत्यावर बसला. काळ्या पँटला पीठ लागलं तरी झटकलं नाही.

"दादा, एक सांगू? राग मानू नका. दिवे पुन्हा बसवताल तवा ब्रेकची वायर येगळी ठिवा. मागच्याला कळत न्हाई."

"तुला ठावं होतं?"

"धडकल्यावर उतरून बघितलं. एक बाजू पेटलेलीच होती. तुमी पेडलवरून पाय काढला तरी तशीच."

"मग मामासमोर कावून न्हाई बोललास?"

"तुमाला बोलले आसते तर ताईला सोसलं नसतं. मला काय, माझी कातडी जाड हाय." जरा वेळ तो जात्याकडे बघत राहिला. "आन घरीबी खातोच की बोलणी. सायली म्हणती, ताई अन् दाजी रोज मिळून दिवे बसवतेत, हसतेत, भाजलं तर ताई फुंकर घालती. मला म्हणती, तुमी एवढी गाडी घेतली अन् फोन घिऊन आत बसलाव. साधा बल्ब तरी बदलता येतो का तुमाला? दादा, खरंच येत न्हाई मला."

तो गेला. नंतर मी कुणाच्या तरी गव्हात ज्वारी दळली.

सायलीचं त्याने रचून सांगितलं असणार, मला बरं वाटावं म्हणून. पण दुसरं खरं आहे. त्याने मला झाकलं. आणि योगिताला हे माहीत आहे, कारण फरक दिसत नाही हे तिनेच सांगितलं होतं. म्हणजे रोज त्या खाटेवर पडून ती हाच विचार करत असणार, तानाजी केवढ्या मनाचा! गाडी त्याची मोठी, मान त्याचा मोठा, आता मनही त्याचंच मोठं. आणि तेही माझ्या चुकीवर! एक चूक तेवढी माझी स्वतःची होती, तीही त्याने उचलून नेली. हे मी त्याला नेऊ देणार नाही.

उद्या धर्मापुरीला जातो.

७ जून, रविवार

काल धर्मापुरीला पुण्य म्हणून गेलो नव्हतो. मत्सराने गेलो होतो. पण गेलो.

मामा ओसरीत सुपारी कातरत होते. उभ्यानेच सांगितलं, "मामा, चूक माझी हाय. तानाजीची न्हाई." त्यांना वायरचं कळेना. मग बसून समजावलं. ब्रेकचा दिवा म्हणजे पुढच्याने मागच्याला दिलेली हाक, आणि ती हाक मीच बंद केली होती. तेव्हा त्यांना कळलं. मला वाटलं होतं आता गरजतील. ते हळू बोलले आणि त्याने जास्त लागलं.

"आन इतके दिस गप बसलास? माझ्या तोंडून त्या पोराला शिव्या देवविल्यास?"

त्यांनी अडकित्ता मिटला.

"योगिता हितंच राहील. पुढचं पुढं बघू."

पुढचं पुढं बघू म्हणजे काय ते आमच्याकडे न सांगता कळतं. तानाजी, गाडी, दिवे, सगळं डोक्यातून गेलं. ती घरी येणार नाही, एवढंच राहिलं.

योगिता दारात येऊन उभी राहिली होती. हात गळ्यात बांधलेला. बापाला म्हणाली, "आण्णा, गाडीमागं मी उभी होते. फरक न्हाई हे मला दिसत होतं. तरी मी लागला म्हणलं."

"तू कशाला मधी पडतीस?"

"रागानं म्हणलं. म्हणायला नको होतं. चूक दोघांची हाय, आमची आमी निस्तरू." आणि आत वळून म्हणाली, "आई, माझी पिशवी भर गं."

मामांची सुपारी तशीच राहिली. "गाडी न्हाई. जाशील कशी?"

"येष्टीनं."

एसटीत गर्दी नव्हती. तिला खिडकी दिली, पिशवी मी मांडीवर घेतली. कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेला. मग मी विचारलं. कसं विचारलं माहीत नाही, पण विचारलं.

"तानाजी तुला बघायला आलता. तवा नकार कोणी दिलता?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी. आजून कोण देणार?"

"कावून?"

"लई बोलत होते. बसल्यापासून उठेस्तोवर. मी आईला म्हणलं, ह्यांच्या घरात माझं कोण ऐकंल? मग तुमी आलाव. एक शबुद बोलला न्हाईत. मला वाटलं, ह्यो गप माणूस हाय, ह्याच्याजवळ सुखानं बोलता यील." ती खिडकीबाहेर बघू लागली. "मला काय ठावं, तुमी आतल्या आत एवढं बोलत असताल. त्यांच्याहूनबी जास्त."

मी गप्प बसलो. मग लक्षात आलं, पुन्हा तेच करतोय.

"आता बोलू?"

"बोला की."

कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून लग्नापासून केली. सगळं सांगितलं. त्याने नको म्हटलं म्हणून ती मला मिळाली असं मला वाटायचं, ते. ती कधी हसली की कोणासाठी हसली हे मी मोजायचो, ते. पेढे, लाल पट्टी, ओट्यावरचा तो एक शब्द. तिला पुढे तानाजीशेजारी बसताना बघून काय झालं, ते. दवाखान्यात गोड लागलं, तेही. माझा आवाज चढला असावा, कारण पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं.

योगिता बराच वेळ प्लास्टरवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "एवढ्यासाठी माझा हात मोडला?"

मी हो म्हणालो.

ती रडली. पदराने नाही, धड हाताने डोळे पुसत राहिली. एक गाव गेलं, दुसरं आलं, माणसं चढली, उतरली. मला वाटलं आता ती काही बोलणार नाही, घाटनांदूरला उतरून समोरच्या गाडीने परत माहेरी जाईल, आणि तसं केलं तर माझ्याजवळ म्हणायला काही नव्हतं.

मग तिने नाक पुसलं आणि जरा माझ्याकडे सरकून बसली.

"हां," म्हणाली. "पुढं बोला."